वरचा एक रुपया

वणीच्या कोळसा खाणीत धरमसिंग राठोडचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या हाताबद्दल बोलत. खाणीतून निघालेली माती डंपर डोंगराएवढ्या ढिगावर नेऊन ओततात. त्यासाठी ढिगाच्या कडेपर्यंत डंपर मागे मागे न्यावा लागतो, आणि एवढ्या मोठ्या धुडाच्या मागे काय आहे ते चालकाला धड दिसत नाही. म्हणून कडेला एक माणूस उभा असतो आणि हाताने खुणा करतो. ये, ये, अजून ये, बस. त्याचा हात चुकला तर डंपर चालकासकट खाली. धरमसिंगने तरुणपणी डंपर चालवला आणि पुढे निवृत्त होईपर्यंत त्या कडेवर उभं राहून हात दाखवला. त्याच्या हातावर एकही डंपर खाली गेला नाही. चालक सांगत, "धरम उभा असला का आम्ही आरशातही पाहत नाही."

असा माणूस निवृत्त झाल्यावर लोक त्याला मोकळं कसं सोडतील? खाणकामगारांच्या कॉलनीत कोणासाठी वर्गणी काढायची झाली की ती धरमसिंगने काढायची, हे न ठरवताच ठरून गेलं. तो दारात आला म्हणजे त्याने आधी सगळं तपासलेलं असणार, असं समजून लोक पाकीट उघडत.

तो मूळचा मारेगाव तालुक्यातल्या एका तांड्याचा. धाकटी बहीण जमनी शाळेत त्याच्याहून हुशार होती, पण सातवीनंतर तालुक्याच्या गावी राहायला जागा मिळाली नाही आणि तिचं लग्न उरकलं गेलं. तिची मुलगी बबिता मात्र मारेगावला राहून शिकली, कारण तोवर विमलताईंनी तिथे मुलींचं वसतिगृह सुरू केलं होतं. विमलताई शाळेत शिक्षिका होत्या. भाड्याच्या जुन्या घरात त्यांनी गावोगावच्या आणि तांड्यांवरच्या मुली ठेवल्या, रागावल्या, शिकवल्या. बबिता आज यवतमाळला नर्स आहे. भाचीला सोडायला म्हणून धरमसिंग पहिल्यांदा त्या घरात गेला आणि मग जातच राहिला.

पुढे निवृत्तीच्या पैशांतून त्याने वणी रस्त्याला एक प्लॉट घेतला. म्हातारपणी घर बांधू, असं धनीबाईला सांगून घेतला आणि वर्षभरात वसतिगृहाला देऊन टाकला. धनीबाई म्हणजे त्याची बायको. घरात ती दोघं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलत, पण भांडण वऱ्हाडीत करत, कारण आपली बाजू शेजाऱ्यांनाही कळावी अशी धनीबाईची इच्छा असे. त्या प्लॉटवरून शेजाऱ्यांना बरंच काही कळलं. शेवटी मात्र बक्षीसपत्राच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून साक्षीदार म्हणून सही करायला आली.

वसतिगृहाच्या संस्थेचा हिशोब घनश्याम नावाचा तरुण विनामोबदला ठेवायचा. वणीत त्याचं कर सल्ल्याचं लहानसं कार्यालय आहे. प्लॉटच्या वेळी त्याने धरमसिंगला सांगितलं होतं, "काका, तुम्ही लाखाची जमीन देता, पण आयकरात त्यावर सूट मिळत नाही. जमीन, धान्य, लोखंड, वस्तू दिली की कायद्याच्या लेखी काही नाही. पैसे दिले तरच."

"मंग काय, पोरीयले प्लॉटाच्या जागी नोटा अंथरून देऊ झोपायले?" धरमसिंग म्हणाला होता.

प्लॉटवर भिंती उभ्या राहिल्या. स्लॅबपाशी येऊन पैसे संपले. तेव्हाच संस्थेला ऐंशी-जीची मान्यता मिळाली. म्हणजे तिला देणगी देणाऱ्याला, दिलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा दाखवता येणार होती. खाणीतले लोक पगारदार, कर भरणारे. विमलताईंना वाटलं, आता तरी स्लॅब पडेल. जुन्या घराचा मालक मे महिन्यापर्यंत घर रिकामं करून मागत होता.

धरमसिंगने घनश्यामच्या कार्यालयात जाऊन नियम समजून घेतला. घनश्याम म्हणाला, "बँकेतून किंवा फोनवरून दिले तर अडचण नाही. रोख द्यायचे असतील तर दोन हजारापर्यंतच. त्याच्यावर रोख घेऊ नका काका."

"दोन हजार. समजलं," धरमसिंग म्हणाला, आणि त्याला खरोखरच समजलं होतं. फक्त त्याच्या भाषेत समजलं होतं.

त्याच्या भाषेत देणगीचे दोन हजार म्हणजे दोन हजार एक. आपल्याकडे लग्नाच्या आहेराला शंभर कोणी देत नाही, एकशे एक देतात. धरमसिंगच्या आईने तर त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "पुरा आकडा म्हंजे झाकन लावलेलं भांडं. वर एक ठेवला का भांडं उघडं राह्यते, आनखी येत राह्यते." तेव्हापासून त्याने कोणाला शून्यावर संपणारी रक्कम दिली नव्हती आणि कोणाकडून घेतलीही नव्हती. तो 'पाचशे' म्हणे तेव्हा ऐकणारा पाचशे एक काढी. तो वरचा एक तोंडाने बोलायचा नसतोच.

फेब्रुवारीत बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांच्या जयंतीला कॉलनीच्या सभामंडपात मोठी पंगत असते. तांड्यातले, गावातले, सगळ्या जातींचे खाणकामगार येतात. त्या दिवशी धरमसिंगने माइक हातात घेतला.

"राजेहो, मारेगावच्या पोरीयच्या डोक्यावर छप्पर टाकाचं हाये. दोन हजारापर्यंत रोख द्या, पावती घ्या, सरकार सूट देते. हा माझा शब्द हाये."

मागून कोणीतरी ओरडलं, "तुहा शब्द म्हंजे पक्की सडक!" लोक हसले आणि रांग लागली. सगळ्यांनी दोन हजार एक दिले. सगळ्यांच्या पावत्यांवर दोन हजार एक लिहिले गेले. नोटांच्या गठ्ठ्याशेजारी एकेका रुपयाच्या नाण्यांची पितळी वाटी भरली, तेव्हा धरमसिंगला आपल्या आईची आठवण झाली असेल.

पैसे बँकेत गेले. मारेगावला सेंट्रिंगच्या फळ्या चढू लागल्या.

मार्च निम्मा उलटला आणि घनश्यामचा फोन आला. देणगीदारांची यादी संस्थेने सरकारकडे पाठवायची असते, ती तो तयार करत होता.

"काका, हा शेवटी एक काय आहे?"

"कोनता एक?"

"दोन हजार एक. सगळीकडे दोन हजार एक."

"शगुनाचा हाये तो बाप्पा. लग्न झालं का नाही तुहं? मालूम असाले पाहिजे."

घनश्यामने हळूच सांगितलं. दोन हजारापर्यंत रोख चालतात. दोन हजाराच्या वर एक रुपया गेला की तो एक रुपया बाद होत नाही, सगळे दोन हजार एक बाद होतात. त्या पावतीवर कोणालाही सूट मिळणार नाही.

"एका रुपयानं?"

"एका रुपयानं, काका."

धरमसिंग अंगणातल्या बाजेवर बसला तो बसूनच राहिला. धनीबाई तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"काय जी, कोन मेलं?"

त्याने सांगितलं. धनीबाईने आधी हिशोब विचारला. सूट म्हणजे माणसाला सुटतं किती? निम्मी रक्कम वजा, त्यावरचा कर. कोणाचे दोनशे, कोणाचे तीनशे रुपये.

"दोनशे रुपयाले तोंड पाडून बसले? मी समजली काय त जेल होते."

"दोनशे असो का दोन असो. मी माइकवर शब्द देल्ला होता."

"शब्द देल्ला होता मंग आयकून घ्याचं होतं नीट. तो पोरगा दोन हजार म्हने, तुमी दोन हजार एक आयकलं. लग्नात भटजी सावधान म्हने, तुमी भी एक फेरा जास्तीचा मारला होता."

एरवी तो हसला असता. आज म्हणाला, "कडेवर उभा राहून चुकीचा हात दाखवला मी. सगळ्यायनं आरशात न पाहता गाडी मांगं घेतली." धनीबाईने सूप पुन्हा उचललं आणि ती तूर निवडू लागली.

बातमी कॉलनीत हिरासिंगला आधी कळली, कारण पैशाची कुठलीही बातमी हिरासिंगला आधी कळते. हिरासिंग धरमसिंगच्या बरोबरीचा, त्याच्याच पाळीत डंपर चालवलेला. त्याच्याइतका कर वाचवणारा माणूस खाणीत दुसरा नव्हता. घरकर्ज फिटलं तेव्हा व्याजाची वजावट गेली म्हणून तो आठवडाभर उदास होता, असं लोक सांगतात. तो संध्याकाळी आला आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"काय बे धरम, एवढं काय त्याच्यात? जुन्या पावत्या फाड, नव्या लिही. दोन हजार लिही. तो एक कोनाले दिसते?"

"हातात दोन हजार एक घेतले मी."

"मंग?"

"मंग तो एक कुठं गेला सांगू? माह्या खिशात? उभ्या जन्मात कोनाचा रुपया खाल्ला नाही, आता सगळ्यायचा एक एक खाऊ?"

"अबे, मले सूट पाहिजे. तू म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," धरमसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मारेगावला विमलताईंकडे गेला. त्या नव्या बांधकामासमोर खुर्ची टाकून मुलींचं पाठांतर घेत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पावत्या बदलायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "एकतीस मार्चला अजून दिवस आहेत. ज्याला सूट हवी त्याचे पैसे परत करू. त्याने पुन्हा बँकेतून पाठवले तर त्याला नवी पावती मिळेल."

"आन नाही पाठवले त?"

विमलताईंनी सेंट्रिंगच्या फळ्यांकडे पाहिलं. "नाही पाठवले तर स्लॅब राहिला. तुम्ही शब्द माझ्या संस्थेसाठी दिला होता धरमसिंगभाऊ. मोडायचा की पाळायचा ते मी तुम्हाला कसं सांगू?"

घरोघर जाऊन एकेकाच्या कानात सांगता आलं असतं. लाज कमी वाटली असती. अक्षय नावाचा एक तरुण इलेक्ट्रिशियन त्याला रस्त्यात भेटला, त्याला त्याने सांगूनही पाहिलं. अक्षय हसायलाच लागला. "काका, मी त नव्या कर पद्धतीत हाये. मले तशीही सूट नोती भेटत."

"मंग देल्ले काहून?"

"तुमी मांगितले म्हनून."

हे ऐकून धरमसिंगला बरं वाटायला हवं होतं, पण ते आणखीच लागलं. सूट मिळावी म्हणून दिले असते तर फक्त पैशाची फसगत होती. हे तर त्याच्यावर दिले होते. माइकवर दिलेला शब्द माइकवरच परत घ्यावा लागेल, हे त्याने तिथेच रस्त्यात ठरवलं.

रविवारी सभामंडपात लोक जमले. विमलताई आल्या होत्या. घनश्याम बँकेतून काढलेली रोख रक्कम घेऊन टेबलाशी बसला होता. धनीबाई बायकांत न बसता पहिल्या रांगेत, माइकसमोर बसली. धरमसिंगने माइक घेतला. एरवी आधी फुंकर मारून, दोन विनोद करून सुरुवात करणारा माणूस, त्या दिवशी सरळ बोलला.

"राजेहो, चूक झाली. हा पोरगा मले दोन हजार म्हने. मी तुमच्यापाशी दोन हजार एक घेतले. त्या एका रुपयापायी तुमच्या पावतीवर सूट नाही. चूक या पोराची नाही, ताईची नाही, माही हाये. ज्याले पैसे वापस पाहिजे त्यानं घ्यावे. पैसे इथं हाये."

तो माइक खाली ठेवून टेबलाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. कोणी उठेना. शेवटी मागच्या बाजूने एक म्हातारा खाणकामगार म्हणाला, "धरम, देल्लेलं दान वापस घ्या म्हनतं? थुकलेलं चाटाले लावतं का आमाले?"

"दान वापस घेनाऱ्याचं तोंड पाहत नाही कोनी," दुसरा म्हणाला.

"सूट पाहिजे म्हनून कोनं देल्ले होते? ज्यानं देल्ले त्यानं हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. आता ही गोष्ट खरी नव्हती, निम्म्या लोकांच्या मनात सूट होती आणि असायला काही हरकतही नव्हती. पण चारचौघांत ते कोण कबूल करणार? धरमसिंग तसाच उभा. लोकांनी त्याला माफ केलं होतं, पण त्याचा शब्द अजून खोटाच होता. माफीने शब्द खरा होत नाही, हे त्या मंडपात त्याला एकट्याला कळत होतं.

त्याला आणि हिरासिंगला. हिरासिंग उठला, माणसांतून वाट काढत टेबलापाशी आला आणि त्याने घनश्यामसमोर पावती ठेवली.

"आन बे, माहे दोन हजार एक."

मंडपात कुजबुज झाली. एक बाई म्हणाली, "बाई बाई, काय मानूस हाये." हिरासिंगने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"हो, मी घेतो वापस. मले लाज नाही. धरम म्हने सूट भेटते. मी आयुष्यभर त्याच्या हातावर गाडी मांगं घेतली, आता काहून त्याले खोटं पडू देऊ?" त्याने पैसे मोजून घेतले, पावतीवर तसं लिहून दिलं, खिशातून फोन काढला आणि घनश्यामला विचारलं, "बँकेतून पाठवले त दोन हजार एक चालते?"

"चालतात. कितीही चालतात."

"म्हंजे एक रुपया खराब नोता?"

"नाही. नोट खराब होती."

"असं सांग न मंग!" हिरासिंग एवढ्या जोराने ओरडला की मागच्यांनाही ऐकू गेलं. त्याने संस्थेच्या खात्यावर दोन हजार एक पाठवले आणि फोन वर धरून दाखवला. मग हातातली परत मिळालेली रोख त्याने काळजीपूर्वक खिशात घातली. ती त्याने देणगीत टाकली नाही. एकदा दिलं ते दिलं, दोनदा द्यायला तो काही धरमसिंग नव्हता.

त्यानंतर मंडपात चमत्कारिक प्रकार झाला. दान परत घेण्याची लाज हिरासिंगने एकट्याने उचलून नेली होती, त्यामुळे बाकीच्यांची वाट मोकळी झाली. काही जण येऊन रोख घेऊन गेले आणि तिथेच उभं राहून फोनवरून पाठवू लागले. काहींनी रोख परत घ्यायला साफ नकार दिला आणि जुनी पावती तशीच ठेवली. तो म्हातारा खाणकामगार म्हणाला, मले सूट नको, पण पावतीवरचा एक खोडाल तर खबरदार. दोघेतिघे पैसे घेऊन निघून गेले आणि ते पुन्हा आले नाहीत. विमलताईंनी त्यांची नावं विचारली नाहीत. स्लॅबला थोडे कमी पडले, ते त्यांनी ठेकेदाराकडून उधारीवर निभावून नेले.

घनश्याम घामाघूम झाला होता. त्याच्याभोवती लोक वाकून प्रश्न विचारत होते. बायकोच्या खात्यातून पाठवले तर कोणाच्या नावावर सूट? सोसायटीचा हप्ता कापतात तसे पगारातून कापले तर चालतील का? एक नवा मुलगा, ज्याने आधी काहीच दिलं नव्हतं, तो पुढे झाला. त्याला पाच हजार एक द्यायचे होते. घनश्यामने त्याला नीट समजावून सांगितलं. बँकेतून दे, पॅन क्रमांक बरोबर दे, आणि जुन्या पद्धतीत असशील तरच सूट धर, निम्म्याच रकमेवर धर.

मुलाने सगळं ऐकलं. मग तो वळला आणि टेबलाच्या बाजूला उभ्या असलेल्या धरमसिंगला त्याने विचारलं, "काका, हा सांगते ते खरं हाये का?"

घनश्यामने कपाळाला हात लावला. पहिल्या रांगेतली धनीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तिच्या शेजारचे, आणि त्यांच्या मागचे.

धरमसिंगने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तो सांगते तेच खरं," तो म्हणाला. "पन थांब, मी भी आयकतो तुह्यासंगं. घनश्याम, सांग बाप्पा पुन्हा एकडाव. सावकाश सांग."

आणि दोघं टेबलाशी वाकून, पहिल्यापासून, ऐकू लागले.